पापडाला सहा भोकं

आमच्या थोरल्या मेहुण्यांना तपश्चर्येअंती ब्रह्मदेव प्रसन्न झाला असता, तर वर मागायच्या आधी त्यांनी त्याला विचारलं असतं, की देवा, ही पृथ्वी फिरताना जराशी हलते, ती घट्ट करायची राहून गेली काय? हलणारी वस्तू त्यांना बघवत नसे, मग ती पृथ्वी असो, जेवणाचा पाट असो की पाटलाची खुर्ची. रिसोडच्या वेशीबाहेर त्यांचा वांगी-मिरच्यांचा मळा होता, पण वांग्यांपेक्षा त्यांचा जीव विहिरीवरच्या ऑइल इंजिनात जास्त. सदऱ्याच्या खिशात तंबाखूच्या डबीशेजारी जुन्या चपलांचे कापलेले चामड्याचे तुकडे असत. कुठेही गेले की बसायची वस्तू दोन्ही हातांनी हलवून बघायची, कोणता पाय अधांतरी आहे ते हेरायचं, त्याखाली एक तुकडा सरकवायचा आणि मगच टेकायचं. लग्नाच्या पंगतीत वाढपी भाताची परात घेऊन खोळंबलेले असत आणि आमचे मेहुणे शेजारच्या चार अनोळखी माणसांचे पाट सरळ करत ओणवे झालेले असत. एकदा मारुतीच्या देवळात कीर्तन ऐन रंगात असताना ते उठून पोथीच्या चौरंगाखाली तुकडा सरकवून आले. बुवा त्या वेळी संसार कसा डळमळीत आहे तेच समजावून सांगत होते.

मला त्यांनी बहिणीसाठी पसंत केलं तेही असंच. मी तेव्हा वाशीमला शाळेत मास्तर होतो. मुलाचा पगार किती, शेती किती, स्वभाव कसा, हे प्रश्न बाकीच्यांनी विचारले. मेहुणे अंगणात माझ्या सायकलीपाशी उकिडवे बसले. त्यांनी मागचं चाक उचलून गरकन फिरवलं आणि एक डोळा मिटून ते थांबेपर्यंत पाहत राहिले. मग आत येऊन वडीलधाऱ्यांना म्हणाले, "चाक केसाइतकं बी हालत नाही. द्या पोरगी." सायकल मी त्या दिवसापुरती एका सहकाऱ्याकडून मागून आणली होती. हे मी त्यांना अखेरपर्यंत सांगितलं नाही.

हसण्यावारी नेण्यासारखंच हे वेड, पण त्याच्या मुळाशी एक गोष्ट होती आणि ती घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. मेहुण्यांचा धाकटा भाऊ वसंता दिलरुबा वाजवायचा. डाव्या हाताची बोटं तारेवरून अशी सरकत, की मिरच्या तोडायला आलेल्या बाया काम थांबवून ऐकत बसत. आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी मेहुण्यांनी बैलांच्या वैरणीसाठी बाजारातून एक जुनी कडबाकुट्टी घेतली. ती जरा हलत होती. कामाची घाई होती, म्हणून मेहुण्यांनी पायाखाली विटेचा तुकडा दिला आणि पुढचं नंतर पाहू म्हणाले. चौथ्या दिवशी वसंता पात्याखाली कडबा सारत असताना वीट निसटली, कुट्टी कलली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. वसंताने भावाला त्याबद्दल चकार शब्द ऐकवला नाही. त्याने दिलरुबा खोळीत घालून खुंटीला टांगला आणि देवळातल्या भजनाला जाणं सोडून दिलं, एवढंच. चामड्याचे तुकडे मेहुण्यांच्या खिशात आले ते तेव्हापासून.

आमच्या लग्नात अकोल्याहून बँडपार्टी आणली होती. तिच्यात एक बुटका माणूस खुर्चीवर बसून मांडीवर आडवी गिटार घेऊन वाजवत होता. डाव्या हाताची बोटं तो तारांवर टेकवतच नव्हता. मुठीत एक गुळगुळीत लोखंडी कांडी धरून ती तारांवरून फिरवायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या, असा प्रकार. वाद्यातून निघालेली वायर लाउडस्पीकरच्या पेटीत जात होती आणि सूर थेट गावकुसापर्यंत पोचत होता. इकडे सप्तपदी चाललेली, कानपिळीसाठी नवरीच्या भावाला हाका मारून मारून भटजींचा घसा बसला, आणि नवरीचा भाऊ त्या बुटक्या माणसाच्या मुठीकडे टक लावून उभा! शेवटी कान पिळायला आले ते माझा कान धरूनच बोलले. "जवाई, या वाद्याले बोटं लागत नाहीत. मूठ लागते. वसंताची मूठ शाबूत हाये."

त्या दिवशी त्यांनी तसलीच करंटची गिटार घरी बनवायचं ठरवलं. विकत मिळते का, असं मी विचारलं, तर दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर वसंताचा हात ठेवणार नाही म्हणाले, आणि तो विषय तिथेच मिटला. सागवानाची फळी मिळाली. मोडक्या मोटारीतून लोहचुंबक निघालं. बिघडलेल्या रेडिओतली केसाएवढी बारीक तांब्याची तार त्यांनी ओसरीवर बसून चुंबकाभोवती गुंडाळली. तेवढे आठ दिवस घरात कोणी शिंकायचं नाही असा दंडक होता. गावातल्या लाउडस्पीकरवाल्याने आपली बॅटरीवरची पेटी द्यायचं कबूल केलं. राहिली फक्त तारा ताणायच्या खुंट्यांची सहा भोकं. सुताराने हातबरम्याने घटकाभरात पाडून देतो म्हटलं, तर मेहुण्यांनी त्याला वाटेला लावलं. हातबरमा माणसाच्या मनासारखा, सकाळी सरळ तर दुपारी वाकडा. खुंटी वाकडी बसली की तार उतरणार, तार उतरली की सूर हलणार, आणि सूर हलला की वसंता हेही वाद्य खुंटीला टांगून ठेवणार. म्हणून त्यांना हवं होतं उभं ड्रिल मशीन. विजेची गरज नसलेलं, हाताने चाक फिरवायचं, लोखंडी खांबाच्या आधाराने बरमा सरळ खाली उतरवणारं. आणि मुख्य म्हणजे न हलणारं.

मशीन निवडण्यात तीन वर्षं गेली. त्या काळात लोकांनी मुली पाहिल्या, लग्नं केली, बारशी उरकली. यंत्राची परीक्षा घेण्याची मेहुण्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती, आणि तिला माझी बायको, म्हणजे त्यांची बहीण, दरवर्षी उन्हाळ्यात करायची ते उडदाचे पापड लागत. दुकानात जाऊन मशीन हलवून बघायचं, खांबाला कान लावायचा, चाक फिरवून एक डोळा मिटायचा, हे झालं की पिशवीतून पत्र्याचा डबा निघे. लाकडाच्या तुकड्यावर कच्चा पापड ठेवायचा आणि एका ओळीत सहा भोकं पाडायची. पापड तडकला की मशीन नापास. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "लोखंड खोटं बोलते मास्तर. पापड नाही बोलत."

सुट्टी लागली की मी त्यांच्याबरोबर असे, कारण दुकानात मास्तर सोबत असला की लोक हाकलून देत नाहीत अशी त्यांची समजूत होती. अकोल्याच्या पहिल्या दुकानात पापड तिसऱ्या भोकाला तडकला. शेठजींनी हे लोखंडाला भोकं पाडायचं यंत्र आहे असं पुन्हा पुन्हा सांगितलं, त्यावर मेहुण्यांनी त्यांच्या गादीखालच्या पाटाला एक तुकडा लावून दिला आणि निरोप घेतला. अमरावतीला पाचव्या भोकापर्यंत मजल गेली, तेव्हा दुकानातल्या नोकरांनीही श्वास रोखून धरला होता. नागपूरला पहिल्याच भोकाला पापडाचे चार तुकडे झाले. तो दुकानदार रसिक होता. त्याने तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून स्टोव्ह पेटवून तळून घेतले, चहा मागवला, आणि पुन्हा केव्हा परीक्षा घ्यायला येणार ते विचारलं. दुसऱ्या वर्षापर्यंत तीन शहरांतल्या यंत्रबाजारात आमच्या घरच्या पापडांची ख्याती झाली. मशीन मात्र एकही पसंत पडेना. वसंता या सगळ्यात कुठेच नसे. मेहुणे परत आले की तो फक्त डब्यात किती पापड उरले ते बघायचा आणि मळ्याकडे निघून जायचा.

तिसऱ्या वर्षी भादव्यात, गौरी-गणपतीच्या सुट्टीत, अकोल्याला एका जुन्या कारखान्याचं सामान विकायला निघालं होतं. कोपऱ्यात पोत्याखाली एक ड्रिल मशीन उभं होतं. बाहेर पावसाची झड लागलेली. मेहुण्यांनी डबा उघडला, पापड ठेवला, चाक फिरवलं. एक, दोन, तीन. सहा भोकं पडली आणि पापड जसाच्या तसा! त्यांचा विश्वास बसेना, म्हणून सातवं पाडलं. दुसऱ्या पापडाला बारा पाडली. मग त्यांनी चपला काढल्या आणि मशीनला वाकून नमस्कार केला. आगगाडीत ते हमालाच्या हाती दिलं नाही. वाशीमपर्यंत ते मशीनला कवेत धरून बसले होते, आणि समोरची म्हातारी त्याला काय झालंय असं विचारत होती.

मशीन मळ्यातल्या गोठ्याशेजारच्या छपरीत बाभळीच्या ओंडक्यावर बसलं. त्याला झेंडूची माळ घातली. पण भोकं लगेच पाडायची नव्हती, कारण मेहुण्यांना लाकूड कळत होतं. पावसाळ्यात सागवानसुद्धा पाणी पितं, ते माघापर्यंत सुकू द्यायचं, मगच हात लावायचा. त्याप्रमाणे माघात आम्हा नवराबायकोला निरोप आला. आम्ही गेलो. फळी तयार होती, तिच्यावर सहा खुणा केलेल्या होत्या. वसंताही आला होता, पण छपरीच्या टोकाला, मशीनपासून लांब बसला होता. फळीला भोक पाडण्याआधी शकुन म्हणून एक पापड लावू या, असं मेहुणे म्हणाले. पापड पहिल्याच भोकाला तडकला. त्यांनी दुसरा लावला. तोही गेला. तिसऱ्याचा तर चुरा झाला. मेहुण्यांचा चेहरा उतरला तसा मी कधी पाहिला नव्हता. हिने डब्यातला एक पापड हातात घेऊन मोडून पाहिला आणि हळूच म्हणाली, "दादा, तू भादव्यात गेला होता. पापड सादळले होते. नरम पापड कुठं तडकतो?"

लाकूड पाणी पितं हे ज्याला कळत होतं, त्याला पापडही पितो हे सुचलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तीन वर्षं त्याच पापडांवर जेवणाऱ्या मला तरी कुठे सुचलं होतं? मेहुण्यांनी झेंडूची सुकलेली माळ काढली, मशीनवर पोतं टाकलं आणि उन्हाळ्यात नवीन पाहू, असं कोणाकडेही न बघता म्हणाले. म्हणजे आणखी तीन वर्षं. किंवा कधीच नाही.

तेव्हा वसंता उठला. त्या अपघातानंतर तो कुठल्याही यंत्राच्या इतका जवळ गेला नव्हता. त्याने पोतं बाजूला केलं, फळी मशीनखाली ठेवली आणि आपला डावा हात, तीन बोटांचा, तिच्यावर दाबून धरला. बरम्याचं टोक त्याच्या अंगठ्यापासून चार बोटांवर होतं.

"दादा," तो म्हणाला, "पापड थोडीच वाजवाचा हाये आपल्याले? मी धरून राह्यलो. तू फिरव चाक."

मेहुणे हात मागे घेऊन उभे राहिले. मशीन हलते, वसंता, एवढंच कसंबसं म्हणाले.

"हालू दे. तुह्या हातानं हाये ना, मले भेव नाही."

मेहुण्यांनी चाक फिरवलं. त्यांची नजर बरम्यावर नव्हती, खुणेवरही नव्हती, ती भावाच्या बोटांवर होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. पाच भोकं सरळ पडली, सहावं जरासं कललं. उभ्या आयुष्यात आमच्या मेहुण्यांनी केलेलं तेवढंच एक वाकडं काम.

रामनवमीला मारुतीच्या पारावर करंटची गिटार वाजली. पहिल्यांदा भोंग्यातून असा काही घोगरा आवाज निघाला की पिंपळावरचे कावळे उडाले आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी जोडे शोधायला सुरुवात केली. मग वसंताने मुठीतली कांडी तारेवर टेकवली आणि ओळखीचं भजन सरकत सरकत बाहेर आलं. सहावी तार दर भजनाला उतरत होती. तो थांबून तिची खुंटी पिळायचा, गालात हसायचा आणि पुन्हा वाजवायचा. मेहुणे एका बाजूला तिपाईवर बसले होते. ती तिपाई चांगलीच डुगडुगत होती, ते तालावर मान हलवत तशी तीही खटखट वाजत होती. मला राहवेना. वाकून त्यांच्या खिशात चामड्याचा तुकडा शोधणार होतो, पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तसाच बसून राहिलो. तीन तासांत ती तिपाई हलते आहे हे त्यांना एकदाही कळलं नाही.

आता मेहुणे नाहीत. वसंताचेही केस पिकले. सहावी तार अजून उतरते, आणि ते भोक बुजवून नवीन पाडू देत नाही तो कोणाला. दिवसकार्य आटोपल्यावर हिला भावाच्या सदऱ्याच्या खिशात चामड्याचे चार तुकडे सापडले, त्यातला एक तिने मला दिला. मी हे लिहितो आहे त्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, दर ओळीला ते हलतं. तुकडा समोर दौतीशेजारीच ठेवला आहे. तो खाली सरकवायला अजून माझा हात होत नाही.