चहापाण्याचे पैसे

बाबांच्या मते टीप देणं म्हणजे हॉटेलमालकाने मारलेला पगार आपल्या खिशातून भरणं. डेक्कनवर कुठेही जेवायला गेलो की बशीत आलेली सुटी नाणी ते बडीशेपेखालून शोधून काढत आणि खिशात टाकत. वर वेटरला म्हणत, "जेवण चांगलं होतं हो." त्याने तोंड वाकडं केलं तरी ते बाबांच्या गावीही नसे.

लग्नानंतर आम्ही काही वर्षं अमेरिकेत होतो. बाबा आले तेव्हा पहिल्याच जेवणाचं बिल त्यांनी हौसेने दिलं, अगदी छापलेल्या आकड्याएवढं. वेटर गाडीपर्यंत मागे आला. काय कमी पडलं, असं त्याने फार नम्रपणे विचारलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. बाबा मात्र घरी येईपर्यंत हसत होते. "इथे भीक मागायलासुद्धा चांगलं इंग्रजी लागतं," म्हणाले. पुढे आम्ही जपानला फिरायला गेलो. तिथे मी टेबलावर ठेवलेली नाणी खानावळीतल्या बाईंनी मला रस्त्यात गाठून दोन्ही हातांनी परत केली. हे मी बाबांना फोनवर सांगितलं, तीच चूक झाली. त्यांनी ती गोष्ट निम्म्या पेठेला ऐकवली.

आम्ही पुण्याला परतलो आणि काही वर्षांनी ते आजारी पडले. हॉस्पिटलात आयांना मावशी आणि वॉर्डबॉयना मामा म्हणतात, तरी हात पुढे येतोच. आमचे मामा बाबांना तपासणीला न्यायचे आणि लिफ्टपाशी स्ट्रेचर थांबवून म्हणायचे, "ताई, चहापाण्याचं बघा."

"चहा पिताय की आसामात मळा घेताय?" बाबा पडल्या पडल्या विचारत.

मामा हसत. "आजोबा, घरी जाल तेव्हा तर पेढे आणि मोठी नोट घेणार मी."

"तेव्हा तर चुरमुराही मिळणार नाही."

मला ही भांडणं फार हवीशी वाटायची. जेवण कमी होत होतं, आवाज बसत चालला होता, पण बाबा भांडतायत तोवर ते घरी येणार, असं मी धरून चालले होते. पेढे कुठून आणायचे तेही ठरवलं होतं.

एका सकाळी ते गेले. डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. मी दाखवतील तिथे सह्या केल्या, भावाला कळवलं, शववाहिका ठरवली. नातेवाईक म्हणाले, किती धीराची आहे. धीर कसला, डोकंच चालत नव्हतं.

मामांनीच त्यांना खाली आणलं. लिफ्टमधून बाहेर पडताना माझा हात सवयीने पर्समध्ये गेला. बाबांना दिसू नये म्हणून मी त्यांच्याकडे पाठ केली आणि नोट मामांपुढे धरली.

मामांनी हात मागे घेतले.

"या वेळचं घेत नाही आम्ही, ताई," ते म्हणाले.

मी तिथेच, लिफ्टच्या दारात, नोट हातात धरून रडायला लागले.