दोन स्क्रीन आणि सरलाभाभी

सरलाभाभींनी माझं नाव विचारायच्या आधी माझी ओढणी उन्हात नेली होती. मी आणि वडील जळगावात खोली शोधत त्यांच्या दुकानाशी पोचलो होतो. मी आत पाऊल टाकते तोच त्यांनी ओढणीचं टोक चिमटीत धरलं आणि मला तशीच परत बाहेर पायरीवर आणलं.

"कुठून घेतली गं? ट्यूबलाइटखाली दाखवली असेल त्याने. ड्रेस मोरपंखी, आणि ही हिरव्यात चालली. बघ."

मी पाहिलं. खरंच चालली होती. ती जोडी मी इतके दिवस सणावाराला घालत होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. वडिलांनी वरची खोली पाहिली, खाली येऊन हात जोडले आणि म्हणाले, "खोली चांगली शे, अक्का. मनी पोर बठ्ठं आवरी लेस." भाभी हसल्या. "सगळं आवरेल हो, भाऊ. रंगाचं तेवढं मी बघते."

त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, अस्तर, परकर, फॉल. एका भिंतीवर खालपासून वरपर्यंत कापडाच्या घड्या, एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू सरकत गेलेल्या. बाई साडी घेऊन आली की भाभी आधी ती पायरीवर नेत, ऊन पडलेल्या जागी पदर पसरत, क्षणभर बघत आणि आत येऊन सरळ एका घडीवर हात ठेवत. दुसरी घडी काढावी लागली असं फारसं होत नसे. कुणी "बाई, हा आमसुली का वांगी?" असं विचारलं, तर म्हणत, "नाव नको सांगू, साडी दाखव." आणि दुसरं वाक्य ठरलेलं होतं, "ट्यूबलाइट सगळ्यांनाच गोरं करते, तिचं ऐकू नये."

भाभींचं सासर-माहेर दोन्ही मूळचं राजस्थानातलं, पण दोन्हीकडच्या पिढ्या खानदेशातच गेलेल्या. नवरा गेल्यापासून दुकान त्याच बघत. त्यांचा मुलगा निखिल बंगळूरला नोकरीला होता. जाताना तो आपलं हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र आईकडे ठेवून गेला होता, दुपारी करमावं म्हणून. भाभी त्याला डबी म्हणत. दुपारी शटर अर्धं खाली ओढून, गादीवर मांडी घालून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्या खेळत. त्या गेममध्ये एक होडी नदीतून न्यायची आणि काठावरच्या गावांना कंदील पोचवायचे. मी कॉलेजातून आले की त्यांच्याजवळ बसायची. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली. मोबाइलशिवाय दुसरं काही यंत्र मी जवळून पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे डबी हातात घ्यायलाही मला धीर होत नसे. भाभी म्हणत, "धर ना. चावत नाही."

मी दुसऱ्या वर्षाला असताना भाभींच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. भाभी टाळत राहिल्या. घाबरट बाई नव्हत्या त्या, पण एकदा मला म्हणाल्या, "आतलं भिंग काढून दुसरं बसवतात. त्या दुसऱ्यातून राणी रंग राणीच दिसेल, हे कोण लिहून देणार? नजर गेली तर मी या भिंतीसमोर उभी राहून काय करू?"

त्याच सुमारास एकदोन बायका ब्लाउजपीस परत घेऊन आल्या. साडी नेव्ही ब्लू आणि पीस काळा, अशी तक्रार. भाभींनी त्यांना परत पाठवलं. "घरातला बल्ब बदला ताई, पीस बरोबर आहे."

दिवाळीला निखिलदादा आला तो नवी डबी घेऊन. यंत्र तेच, बटणं तीच, आतला गेमही तोच. कंपनीने फक्त स्क्रीन बदलली होती, आधीपेक्षा किंचित मोठी आणि म्हणे खूपच चांगली. "मम्मी, दोन्ही ठेव. नीट बघ. फरक वाटला तर नवी ठेव, नाहीतर मी परत करतो. नुसत्या स्क्रीनसाठी घ्यायची की नाही, हे तुझ्याइतकं कोण सांगणार?" असं म्हणून तो गेला.

भाभींना हे काम फार आवडलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोन्ही डब्या पायरीवर नेल्या आणि साड्यांसारख्या उन्हात शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही स्क्रीनवर नुसतं आमचं तोंड दिसत होतं. मला हसू आलं. भाभीही हसल्या, पण लगेच विचारात पडल्या. "कापड उजेड घेतं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि ही उजेड देते. हिला अंधारातच बघायला पाहिजे." ज्या बाईने आयुष्यभर अंधारात रंग पाहायला नकार दिला, तिने शटर पूर्ण खाली ओढलं, दिवे बंद केले आणि दोन्हीकडे रात्रीचा तोच देखावा लावला.

त्या दुपारी मी जे पाहिलं ते नीट सांगता येईल की नाही, मला शंका आहे. जुन्या स्क्रीनवरची रात्र राखाडी होती, धुरकट, काचेच्या मागून कुणीतरी दिवा लावून ठेवल्यासारखी. नव्या स्क्रीनवर काळं होतं तिथे काहीच नव्हतं. दुकानातला अंधार सरळ आत गेला होता. त्या अंधारात होडीतले कंदील जळत होते, आणि पाणी इतकं खोल निळं होतं की हात घातला तर ओला होईल असं वाटलं. आमच्या गावात लाइट गेल्यावर शेतात दिसणारी रात्र मी पहिल्यांदा एका वस्तूमध्ये बघत होते.

भाभींनी दोन्ही डब्या आलटून पालटून डोळ्यांजवळ नेल्या, लांब धरल्या. मग म्हणाल्या, "सारख्याच आहेत. उगाच खर्च. निखिलला परत करायला सांगते."

मी नवी डबी पुन्हा जुन्या डबीशेजारी धरून पाहिली. बोलावं की नाही, हेच मला कळत नव्हतं.

"गप्प का झाली?"

"भाभी, सारख्या नाहीत."

"कुठे फरक आहे?"

मी सांगितलं. राखाडी रात्र, काळी रात्र, पाणी. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला. भाभींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग उठून दिवे लावले, शटर वर केलं, भिंतीतून दोन घड्या काढल्या आणि पायरीवर जाऊन उन्हात धरल्या.

"यातली काळी कुठली?"

मी डाव्या हातातली दाखवली. उजव्या हातातली नेव्ही ब्लू होती. भाभी दोन्हींकडे बघत राहिल्या. पीस परत घेऊन आलेल्या त्या बायका त्यांना आठवल्या असणार, मलाही आठवल्या. "म्हणजे नजर आधीच गेली," त्या म्हणाल्या. "मी आपली जाईल म्हणून भीत बसले." आणि घड्या माझ्या हातात देऊन, "डॉक्टरांना फोन लाव बेटा."

आधी डावा डोळा झाला. दुकानात बसायची परवानगी मिळाली त्या दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा भाभी अंधारात नवी डबी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एक डोळा तळव्याने झाकत, मग दुसरा. पुन्हा पहिला. मी आल्याचं त्यांना कळलं होतं, तरी डोळे झाकणं-उघडणं चालूच होतं. मग म्हणाल्या, "या उजव्या डोळ्यात कुणी चहा ओतलाय गं. मी इतके दिवस सगळं जग चहातून बघत होते, आणि मला वाटायचं जगच जुनं झालं." त्यांचा चेहरा त्या निळ्या उजेडात मी पाहिला. पहिल्यांदा जत्रेत आलेल्या मुलीसारखा होता. नवी स्क्रीन ठेवायची की नाही, हे मला विचारावं लागलं नाही.

पण भिंत बाकी होती. रविवारी त्यांनी माझ्या मदतीने एकेक करून सगळे कप्पे खाली काढले. काळ्यांत नेव्ही ब्लू, जांभळ्यांत तपकिरी, मोतिया रंगात चक्क पांढरे. पहिली चूक सापडली तेव्हा त्या हसल्या. नंतर हसल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी दारावर पाटी लावली, 'आमच्याकडून चुकीचा रंग गेला असल्यास बदलून मिळेल.'

शेजारच्या गाळ्यातले त्यांचे दीर धावत आले. "भाभी, ही पाटी काढा. बाजारात अब्रू राहील का? आपल्याच तोंडाने कोण सांगतं?"

"डोळा बिघडला होता भाऊ, नियत नव्हती बिघडली."

"लोक बरोबर दिलेलेही परत आणतील."

"आणू द्या. डोळे आहेत आता मला, बघेन."

तसंच झालं. बायका आल्या, काही खऱ्या, काही उगाच. भाभींनी सगळ्यांचं बदलून दिलं. पण बदलून घेतल्यावर बायका निघून जात, मॅचिंगसाठी नवी साडी कुणी पिशवीतून काढत नसे. त्या दिवसांत भाभी गादीवर ताठ बसून दाराकडे बघत. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला अजून वेळ होता, आणि डबी दुपारीही बंद पडून असे.

आता मी पुढच्या शिक्षणासाठी धुळ्याला आहे, भाभी जळगावातच आहेत. पण त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की मला त्या दिवसांतली एक सकाळ आठवते.

पारोळ्याकडची एक म्हातारी आली, बसमधून उतरून थेट. नेसलेली साडी नेव्ही ब्लू, ब्लाउज काळा.

भाभी उठल्या. "या मावशी. माझ्याकडूनच गेलाय तो. नवा देते."

"बदलाले नही उनी मी," म्हातारी बाकावर टेकत म्हणाली. "पोऱ्याना लगीनमा हाऊच घाला. बठ्ठ्या बाया इचारेत, कोठून लिना. तू पाटी लायी म्हने, मी म्हनं सांगी यिऊ, मना राहू दे."

मुलाच्या लग्नात मिरवलेला तो ब्लाउज भाभींनी जवळ जाऊन नीट पाहिला. "चुकलाय मावशी," त्या म्हणाल्या, "पण शोभतोय."

"माले ठाऊक शे." म्हातारीने पिशवीत हात घालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली साडी काढली आणि भाभींच्या मांडीवर टाकली. "ही नातनी शे. हिले दे आते. बरोबरना दे."

भाभींनी नातीच्या साडीची घडी उलगडली. उजवा डोळा मिटून घेतला. डावा उघडा ठेवून त्या साडीकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांचा हात भिंतीकडे गेला, न अडखळता.