न खरवडलेला चुना

"हात दाखव," हेडमास्तर म्हणाले. नववीतल्या गौरवने दोन्ही हात पुढे केले. सर त्याच्या नखांत रंग शोधत होते. मी गावातला पेंटर, भिंतीपाशी राहिलेली माझी शिडी न्यायला आलो होतो, तो तिथेच थांबलो.

अड्याळकडच्या त्या गावात शाळेच्या पोरांनी बाजाराकडच्या भिंतीवर पंगत काढली होती. सगळ्या मोहल्ल्यांतली माणसं एका ओळीत जेवायला बसलेली, आणि वाढणारी त्यांच्याच वर्गातल्या संघमित्राची आजी. बौद्ध घरातल्या बाईच्या हातचं गाव जेवतंय, हे काहींना रुचलं नव्हतं. गौरवचा काका त्यांत पुढे होता. त्या सकाळी आजीचा चेहरा आणि वाढणारा हात भिंतीवरून गेलेला होता.

"मी नाही केलं, सर."

"मंग कोनं केलं? तुहा काका पानठेल्यावर काय बोलून राहिला होता, मले माहीत नाही का?"

मला भिंत पाहताच कळलं. कोणी खरवडलं असतं तर ओरखडे दिसले असते. इथे पोपडे सुटले होते. जुन्या चुन्यावर रंग टिकत नाही. आधी चुना पत्र्याने खरवडायचा, मग प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला हात, आणि मग चित्र. भिंत तयार करून द्यायचं काम माझंच होतं.

जिल्हा फुटून दोन झाले तेव्हा नव्या ऑफिसांचे बोर्ड रंगवून मी स्वतःच्या पायावर उभा राहिलो. पुढे फ्लेक्सने धंदा खाल्ला. त्यात हे हेडमास्तर म्हणाले, "चित्र पोरं फुकट काढतात, पेंटरभाऊ. तुम्ही फक्त भिंत करा." त्याचाही भाव पाडला. माझं डोकं फिरलं. अर्धी भिंत खरवडली, उरलेल्या अर्धीवर तसाच प्रायमर ओढला. पोरं तिथे काय काढणार, हे विचारलंही नाही. आजी नेमकी तिथेच आली.

हे सगळं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी शिडी उचलली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी गौरवला आजीची माफी मागायला लावली. बातमी दुपारी माझ्यापर्यंत आली. मी शाळेत गेलो. हेडमास्तर आणि आजी व्हरांड्यातच होते. त्यांना भिंतीपाशी नेलं, पोपड्याखाली अंगठा घासला आणि पांढरा अंगठा पुढे धरला.

"चुना आहे, सर. मी खरवडला नाही. पोराचा दोष नाही."

"अन् काल काहून नाही सांगतलं?"

मी आजींकडे वळून माफी मागायला लागलो.

आजी म्हणाल्या, "मले नोको सांगू, बाप्पा. त्या पोराले सांग."

गौरव घराच्या ओसरीवर बसला होता. मी सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं.

"तुम्ही तर तिथंच उभे होते, पेंटरकाका," तो म्हणाला आणि आत गेला.

ती अर्धी भिंत मी प्लास्टरपर्यंत खरवडली. पोरांनी आजी पुन्हा काढली, आधीपेक्षा बरी. गौरव रंगवायला आला नाही.

चुना राहिला तर भिंत पुन्हा करता येते. आपली चूक मात्र दुसऱ्याने तिच्यापायी माफी मागायच्या आधी सांगावी. नंतर सांगितलेलं फारसं उपयोगी पडत नाही.