गयामावशीचं बेसिन

गयामावशीला नळ दिसला की तो उघडून बघितल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे. मग तो एसटी स्टँडवरचा असो, दवाखान्यातला असो, नाहीतर परक्याच्या घरातला. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या पुतणीसाठी स्थळ बघायला गेलो, तर चहा यायच्या आधी हिने त्यांचा न्हाणीतला नळ फिरवून बघितला. काकांनी डोळे वटारले. ती म्हणाली, "पोरीला इथं नांदायचं हाय. पोराचं बोलणं मग ऐकू, आधी पाणी बघू."

मावशी माझ्या आईची थोरली बहीण, लातूरला शाळेत शिक्षिका. मी तिच्याकडे शिकायला राहिले होते. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि काका नव्या कलेक्टर कचेरीत कारकून. जिल्हा आपल्याच सहीने झाला, अशा थाटात ते चालत. जिल्ह्याच्या गावाला शोभेल अशी न्हाणी करायची, फरशी, बेसिन, चकचकीत नळ, हे खूळ त्यांचंच. नेमकी त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. काकांनी बेत गुंडाळला. मावशी मात्र हट्टाला पेटली. त्यातही तिला बेसिन न्हाणीत नको, ओसरीत हवं होतं, येणाऱ्याच्या अगदी समोर.

"प्यायला पाणी न्हाई आन् बेसिन बसवायलीस. शेजारी हसायलेत, गया."

"हसू द्या. हसायला पाणी लागत न्हाई."

आजी, म्हणजे तिची माय, नायगावकडच्या खेड्यातून पहिल्यांदाच लेकीकडे येणार होती. त्या गावात आमच्या लोकांना विहिरीला हात लावता येत नसे. घागर ठेवून बाजूला उभं राहायचं, कुणाला दया आली तर त्याने वरून ओतायचं. धर्म बदलला, आम्ही ताठ मानेने जयभीम म्हणू लागलो, तरी विहिरीवरची रीत काही लवकर सुटली नाही. "माझ्या मायची अर्धी जिंदगी 'पाणी वाढा वं माय' म्हणण्यात गेली," मावशी सांगायची. "माझ्या घरी तिनं आपल्या हातानं नळ उघडायचा. मागायचं न्हाई कुणाला." ती हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगायची.

नळ निवडायला आम्ही गोलाईच्या बाजारातल्या करीमभाईंच्या दुकानात गेलो. मावशी एकेक नळ डोळे मिटून दोन बोटांनी फिरवू लागली. काकांच्या मनात भरलेला नळ तिने बाजूला सारला. "मायची बोटं वाकडी झालीत. ह्याला पैलवान लागंल."

करीमभाई टेकीला आले. "बाई, नळ घ्यायलात का पेटी वाजवायलात?"

"सूर लागंना भाई, दुसरा काढा."

शेवटी डॉक्टर लोक कोपराने उघडतात तसला लांब दांड्याचा नळ तिला पसंत पडला. मग बेसिनची उंची. करीमभाईंच्या हातात बेसिन देऊन ही आजीसारखी वाकून उभी राहिली आणि "अजून खाली, अजून खाली" करत त्यांना तिने पार उकिडवं बसवलं. दुकानातली गिऱ्हाइकं खरेदी विसरून बघत होती.

बेसिन बसलं, पण नळाला पाणी कुठलं? टँकर आला की आम्ही बादल्या भरून जिन्याने वर नेत होतो आणि गच्चीवरच्या टाकीत ओतत होतो. "खालचं पाणी वर न्यायचं, ते पुन्हा खाली आणायचं. ह्याला शिकलेली बाई म्हणतात," काका धापा टाकत म्हणत, पण बादली सोडत नसत. मावशीने आजी येईपर्यंत त्या टाकीतला थेंबही आम्हा कुणाला वापरू दिला नाही.

आजी आली ती उन्हातून, धुळीने माखलेली. बेसिनसमोर गेली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून उभी राहिली. कुणीतरी ओतेल म्हणून. मी धावले, तर मावशीने माझं मनगट घट्ट धरलं.

"माय, दांडा सरकव. मी न्हाई उघडणार."

आजीने आमच्याकडे बघितलं, मग नळाकडे. वाकड्या बोटांनी दांडा ढकलला. पाणी आलं. तिने हात धुतले, तोंड धुतलं, पोटभर प्याली आणि मग नुसतीच धारेखाली हात धरून उभी राहिली. बेसिनखाली ठेवलेली बादली भरली, सांडली, ओसरीभर ओघळ गेले. काका चुळबुळ करू लागले. अर्धा तांब्या सांडला तरी आमची सालटी काढणारी मावशी भिंतीला टेकून बघत होती.

"लई चाललंय गं," आजी म्हणाली. "बंद करू?"

"तुझा नळ हाय, माय," मावशी म्हणाली. "तुला वाटंल तवा कर."