उखर्डू मिस्तरीच्या तीन खुर्च्या

माझ्या तिन्ही मुलांना उखर्डू मिस्तरीनं पहिल्यांदा बसवलं ते ओल्या रेतीत. नदीची रेती त्यानं आपल्या पडवीसमोर ओतून घेतली होती, तिच्यावर दोन बादल्या पाणी मारलं होतं आणि तो माझ्या सुमनला, वसंताला आणि बेबीला सांगत होता, "बठा. घरमा बठतस ना, तसंज बठा. आखडू नका." मी शिंप्याकडून मागून आणलेली टेप हातात घेऊन शेजारी उभा. म्हटलं, "अहो मिस्तरी, सरळ माप घ्या ना. कपडे खराब होताहेत पोरांचे." त्यानं त्या टेपेकडे असं काही पाहिलं, की मी ती मुकाट्यानं खिशात घातली. "जित्या लेकरुले माप लावतस नही, डाक्टर," तो म्हणाला, "माप मरेल मानूसनं लेतस." गावात तिरडी बांधायचं कामही त्याच्याकडेच असे, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नव्हता. मुलं उठली आणि रेतीत तीन खळगे उरले. मिस्तरी उकिडवा बसून त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं बोटांनी वीत-वीत करून ते खळगे मोजले. मुलांना माप लावायचं नाही, खळग्यांना लावायला त्याची हरकत नव्हती.

म्हसावदला दवाखाना टाकून मला तेव्हा पाचेक वर्षं झाली होती. त्याच पावसाळ्यात माझी बायको विषमज्वरानं गेली. डॉक्टरची बायको, आणि डॉक्टरच्याच हातात गेली. त्यावर मी अधिक लिहिणार नाही. मागे राहिली तीन मुलं: सुमन सात वर्षांची, वसंता पाचाचा आणि बेबी नुकती दोन पूर्ण केलेली. आमचं सगळं गणगोत नाशिकला. घरी मुलांपाशी बसायला कोणी नाही आणि आजारी माणसं तर ब्राह्मणपुरीपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेली. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप मी घेतली होती. तीच आमची घरची गाडी आणि तोच माझा फिरता दवाखाना. व्हिजिटला निघालो की तिन्ही मुलं जीपमध्ये. बेबी माझ्या मांडीवर, वसंता शेजारी, सुमन मागे ताडपत्रीची दोरी धरून.

हे फार दिवस चालणार नव्हतंच. एक दिवस वाटेत म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि वसंताचं कपाळ समोरच्या लोखंडावर आपटलं. तीन टाके मीच घातले. मुलगा रडला नाही. ती हकिगत नाशिकला कशी पोचली कोण जाणे, पण थोरल्या बहिणीचं, म्हणजे आक्काचं, पत्र आलं. "दिवाळीच्या आधी येते. मोठी दोघं मी घेऊन जाईन, बेबीला तिच्या मामीकडे ठेवू. पोरं काय औषधाच्या पेटीसारखी गाडीतून हिंडवायची असतात?" तिचं काही चुकत नव्हतं, आणि त्याचाच मला राग येत होता. मुलं गेली की त्या चार खोल्यांत मी आणि स्टोव्ह एवढेच राहणार होतो. हातात महिनाभर होता. तेवढ्यात तिघांना जीपमध्ये नीट बसवता आलं नाही, तर माझ्याजवळ एकही राहणार नव्हतं. लहान मुलांच्या मोटारीतल्या खुर्च्या हा प्रकार तेव्हा मी कुठे पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. म्हणून मी बैलगाड्या आणि पाळणे करणाऱ्या माणसाकडे गेलो.

आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्याला उकिरड्यावर लोळवून उचललं, म्हणून नाव उखर्डू. नावानं आपलं काम चोख केलं. माणूस पन्नाशी ओलांडून ताठ होता. उंच, हाडकुळा, कानावर पेन्सिल, डोक्याला कधीकाळी पांढरं असलेलं मुंडासं. घरात एकटाच. दुपारी भाकरी खायचा ती उभ्यानं, दाराच्या चौकटीला टेकून, डाव्या हातावर भाकरी आणि तिच्यावरच मिरचीचा ठेचा. डॉक्टरी सवयीनं मी त्याला एकदा टोकलं, की अन्न बसून खावं, पचतं. तो म्हणाला, "बठीसन खावाले समोर कोनी तरी जोयजे, डाक्टर." मी हसलो खरा. पण त्याच दिवशी पोरं शेजारी खेळायला गेलेली असताना आपण स्टोव्हपाशी उभे राहून पोळी खातोय, हे माझ्या लक्षात आलं.

तीन आठवड्यांनी त्यानं जीप मागवून घेतली. बाभळीच्या तीन छोट्या खुर्च्या, बुडाला रेतीतल्या खळग्यांसारखाच खोलगटपणा, पाठ डोक्याच्या वरपर्यंत उंच. पाठीला आणि बाजूंना सरकी काढलेला कापूस ठासून वर जाड मांजरपाट शिवलेला. दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून बाजेची निवार आणि तिला बैलाच्या गळपट्ट्याची बक्कलं. तिन्ही खुर्च्या एकाच फळीवर, एकमेकींना चिकटून, जीपच्या तळाला लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या. मी हलवून पाहिलं. जीप हलली, खुर्च्या हलल्या नाहीत. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की त्यानं सगळ्या उलट्या बसवल्यात! खुर्च्यांच्या पाठी माझ्या सीटला टेकलेल्या आणि मुलांची तोंडं मागच्या उघड्या बाजूला.

"मिस्तरी, हे काय केलंत? ही मोटार आहे, दमणी नव्हे!" मी जवळजवळ ओरडलोच. त्या भागात बायकापोरांना न्यायला छपराची बैलगाडी असते तिला दमणी म्हणतात, आणि तिच्यात पोरं मागच्या बाजूला तोंड करून बसतात. या पठ्ठ्यानं जीपची दमणी करून टाकली होती. तो शांतपणे रंध्यातला भुसा झाडत राहिला. "पुढे हाकनारनी दखानं. पोरे मांगेज बठतस." मी म्हटलं, मला त्यांची तोंडं दिसायला हवीत, फिरवून द्या. तो म्हणाला, "मंग दुसरा सुतार दखा." आणि खरंच पाठ फिरवून आत निघून गेला. दुसरा सुतार शहाद्याला, आणि आक्का चार दिवसांवर. मी चरफडत जीप घरी आणली.

आक्का आली ती रिकामी ट्रंक घेऊनच. त्या उलट्या खुर्च्यांवर माझाच विश्वास नव्हता, तर तिला कशाच्या जोरावर अडवणार? दोन दिवस राहिली, मुलांचे कपडे घड्या करून ट्रंकेत भरले, आणि तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना शहाद्याच्या एस.टी.कडे घेऊन निघालो. आक्का पुढे माझ्या शेजारी, मुलं मागे आपापल्या खुर्च्यांत बांधलेली. बांधताना मला वाटलं, शेवटच्या दिवशी का होईना, मिस्तरीचं काम वापरून तरी होतंय. आक्का म्हणाली, "अरे, पोरांना असं पाठमोरं का बसवलंयस? चोर पकडून नेल्यासारखं!" मी गिअर बदलला. बोललो असतो तर रडू आलं असतं. अर्ध्या वाटेवर उसाच्या शेतातून एक गोऱ्हा दावं तोडून थेट रस्त्यावर आला. मी ब्रेकवर उभाच राहिलो. जीप गर्रकन वळून बांधाला आदळली. माझी छाती स्टिअरिंगवर आपटली, आक्काचं कपाळ काचेवर. मागे काही आवाजच नाही. तो क्षण माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब क्षण आहे. मी उतरून मागे धावलो. तिघांच्या पाठी कापसात रुतलेल्या. सुमन घाबरलेली, वसंता हसत होता, आणि बेबीच्या हातातलं अर्धं केळं अर्धंच्या अर्धं शाबूत होतं.

आक्का कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन बांधावर बसली. मुलांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, "ट्रंक खाली उतरवू नकोस. घरी चल. आणि जाण्याआधी मलाही तशी एक खुर्ची करून घे त्या सुताराकडून." ती हसली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली.

मी मिस्तरीचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. "तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं? धक्का पाठीवर जातो म्हणून?" त्यानं मान हलवली. "धक्काबिक्का माले काय समजस?" थोडा वेळ तो पटाशीला धार लावत राहिला. मग खाली मान घालूनच बोलला. बायको वारली तेव्हा त्याचा मुलगा सहा वर्षांचा होता. सुरतेचा मेहुणा म्हणाला, दोन वर्षं माझ्याकडे राहू द्या, शाळा शिकेल. "मामानी दमनी आनी व्हती. पोऱ्या पुढे बठना, हाकनारनाजोडे. बैल दखामा गुंगना. मी नदीलगून मांगे मांगे चालनू. त्यानी मांगे वळीसन दखं बी नही." दगडावर पटाशी घासत होती. "मांगे दखता तं उतरी पडता. दोन वरीसना करता दिधा व्हता, डाक्टर. तो तठलाज व्हयी गया." मी म्हटलं, लहान होता, त्याला काय कळणार. "त्याना दोष नही," मिस्तरी म्हणाला, "बठाडनारना दोष."

त्यानंतरची सहा वर्षं ती जीप रोज सकाळी त्याच्या पडवीवरून जायची. मी पुढचा रस्ता बघायचो, मुलं मागचा. त्यांची तोंडं मला दिसत नसत, नुसते आवाज यायचे: झाड गेलं, विहीर गेली, पाणी भरणारी बाई गेली. पडवी मागे पडली की तिघं एकदम हात हलवायची आणि वळणापर्यंत हलवत राहायची. मिस्तरीही हातातला लाकूड तासायचा वाकस तसाच धरून उभा असायचा, असं सुमन सांगे. मी ते कधी पाहिलं नाही, मला पुढे पाहणं भाग होतं. मुलं वाढली तसा तो दर वर्षी नवी रेती आणून ओतायचा, नवे खळगे वितीनं मोजायचा. बेबीनं एकदा हट्टानं त्याला जेवायला घरी आणलं. तो पाटावर बसला, पण ताटाकडे न बघता समोर ओळीनं बसलेल्या तिघांकडेच बघत राहिला. एक भाकरी संपवायला त्यानं तासभर लावला.

मिस्तरी गेला तो उन्हाळ्यात, सकाळी काम करता करता. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सुरतेला तार केली. मुलगा दुसऱ्या दिवशी आला: तिशी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गुजराती. सगळं रीतसर केलं त्यानं, कुठे कमी पडला नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर तो पडवीत माझ्या शेजारी येऊन बसला.  मग मोडक्या हिंदीत, हळू आवाजात विचारलं, "डॉक्टर साब, मैं बचपन में इनको क्या बोलके बुलाता था?"

मला माहीत नव्हतं. मी शेजाऱ्यांना विचारलं. एक म्हातारी म्हणाली "बा", दुसरा म्हणाला "भाऊ", तिसऱ्याला आठवेना. जिला नक्की ठाऊक होतं ती त्याची आई कधीच गेली होती, आणि ज्याला ठाऊक होतं त्याची राख आम्ही सकाळी नदीत सोडली होती. तो मुलगा मान हलवत "ठीक है, ठीक है" म्हणत राहिला. पुढचे दिवस सुरतेला करायचे म्हणून दुपारच्या गाडीनं तो परत गेला.

मी घरी आलो. आत पुस्तकावरून भांडण चाललं होतं. पायांचा आवाज ऐकून बेबीनं आतूनच हाक मारली, "अण्णा, आलात?" मी उंबऱ्यापाशी थांबलो. तिनं पुन्हा हाक मारावी म्हणून ओ दिली नाही.