दोन घमेले भात

म्हशीच्या खुराकातलं आमच्या गावात माझ्याइतकं कोणाला कळत न्हाई. हे ग्यान मला आमची म्हैस मारून मिळालं.

मारली म्हंजे काठीनं न्हाई. खाऊ घालून मारली. काठीनं मारली असती तर लोकांनी शिव्या तरी दिल्या असत्या. मला म्हणले, जाऊ द्या, लाडानं केलं.

म्हैस माझ्या बायकोची. ल्हान वगार व्हती तवा तिनं बचत गटातून घेतली अन् लेकरावानी वाढवली. आमच्या घरात पयला घास म्हशीचा, मग लेकीचा, मग कुत्र्याचा, अन् उरलं तर माझा. माझी तक्रार न्हवती. म्हैस दूध देती, कुत्रं राखण करतं. मी काय करून राहिलो व्हतो?

बायको त्या दुधाचं गाडग्यात दही लावायची अन् मी ते कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्यावर पोचवायचो. ढाब्यावाला गिऱ्हाइकापुढं गाडगं उलटं धरायचा. दही पडायचं न्हाई. मी बाजूला उभा राहून काहीबाही बोलायचो, लोक हसायचे. घरी येऊन सांगायचो, "दही माझ्या तोंडावर खपतं."

"तुमच्या तोंडावर माश्या बसतात," ती म्हणायची. "दही म्हशीमुळं खपतं."

लगीनसराईत लेकीला बाळंतपणासाठी हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. बायको तिच्यापाशी राहिली. जायच्या आधी तिनं मला गोठ्यात उभं केलं अन् सगळं दाखवलं. सकाळी कडबा एवढा, दुपारी हिरवं एवढं, धारंच्या वक्ताला सरकीची भिजवलेली ढेप, डब्यानं मापून.

"नवं काही घालू नका," म्हणली.

"मला काय येडा समजती का?"

"समजत न्हाई. वळखते."

पयल्या दिवसापासून दही पातळ. तिसऱ्या दिवशी ढाब्यावाल्यानं सवयीनं गाडगं उलटं केलं अन् सगळं दही त्याच्या चपलेवर. गिऱ्हाइकं हसली, मीबी हसलो. तो हसला न्हाई. "मामा, काकू येईपर्यंत राहू द्या. मी दुसऱ्याकून घेतो," म्हणला.

बायको परत येऊन पाहील तर तिचा ढाबा गेलेला. तेवढंच डोक्यात घेऊन घरी आलो. मला वाटलं, म्हैस झुरून राहिली, म्हणून दूध पातळ झालं. हिचा खुराक वाढवला पायजे.

त्याच दिवशी बाजूच्या तांड्यावर लग्न व्हतं. जेवणं झाली, भात अन् बुंदी मायंदाळ उरली. मी दोन घमेले भरून आणले. म्हशीनं असं खाल्लं की मला वाटलं, उद्या दूध न्हाई, सरळ खवाच काढतो आपण. घमेलं चाटून झाल्यावर तिनं माझा हात चाटला.

सकाळी ती रवंथ करत न्हवती. पोट फुगलेलं, शेण पातळ अन् आंबट वासाचं. मी म्हणलो, लग्नाचं जेवण हाय, दुसऱ्या दिवशी माझंबी असंच व्हतं. तिच्यापुढं पाणी ठेवलं अन् नाक्यावर गेलो, ढाब्यावाल्याला सांगायला, की दोन दिवस थांब, मग बग कसं दही आणतो. तिथं मी म्हशीनं लग्नाची पंगत कशी झोडली ते रंगवून सांगितलं. चार लोक जमले. चहा झाला. परत एकदा सांगितलं. दुपार झाली.

घरी आलो तवा ती आडवी व्हती, मान कुशीकडं वळवून. पारडू तिच्याकडं जायला खुंट्याला हिसके देऊन राहिलं व्हतं.

जनावराच्या डॉक्टरला बोलावलं. त्यांनी पोटाला हात लावला, कोपऱ्यातलं घमेलं पाहिलं. "भात?"

"दोन घमेले. अन् बुंदी."

त्यांनी सुया दिल्या, सलाईन लावली. म्हणले, एवढा भात एकदम गेला की पोटात आंबतो, त्याचं विष होतं. "काका, गावात प्रशिक्षण घेतलं तेव्हा मी हेच सांगितलं होतं. खुराक बदलायचा तर दहा-पंधरा दिवसांत, हळूहळू. शिजलेला भात तर घालायचाच नाही. तुम्ही पुढंच बसला होता."

बसलो व्हतो. त्यांनी खनिज मिश्रणाची पुडी दाखवली तवा मी विचारलं, "साहेब, हे आमी खाल्लं तर आमालाबी शिंगं येतील का?" सगळे हसले, लई वेळ हसले. डॉक्टर बोलतच व्हते. बराबर त्या हसण्यात भाताचं ऐकायचं राहून गेलं.

दिवस मावळायला म्हैस गेली.

बायको रोज फोन करायची. आधी म्हशीचं विचारायची, मग माझं. मी दोन दिवस सांगितलं, मजेत हाय. तिसऱ्या दिवशी नात झाल्याची खबर तिनं दिली अन् म्हणली, "जरा म्हशीच्या कानाला फोन लावा."

मी गोठ्यात गेलो. रिकाम्या खुंट्यापाशी हात लांब करून फोन धरला. फोनमधून ती सांगत व्हती, "आपल्याला नात झाली गं. दोन दिवसांत येते मी. खाऊन घे बरं."

मी फोन कानाला लावला. "ऐकलं का तिनं?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणलो.

ती आली ती आधी गोठ्यात गेली. मी सगळं सांगितलं. भाताचं सांगितलं, नाक्यावर बसून राहिलो तेबी सांगितलं, फोनचं तेवढं न्हाई. ती पारड्याच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत व्हती.

"दही पातळ काहून व्हत व्हतं?" तिनं विचारलं. "इरजण कधी लावत व्हते तुमी?"

"दूध चुलीवरून उतरवलं की."

"कडत दुधात?"

"कोण थांबतं तेवढं."

"म्हंजे तिच्या दुधात काहीच खोट न्हवती," ती म्हणली. भांडली न्हाई. भांडली असती तर मी दोन गोष्टी बोलून तिला हसवलं असतं. तिनं ती वाटच ठेवली न्हाई.

गेल्या महिन्यात गावात पुन्हा प्रशिक्षण झालं. डॉक्टर मला म्हणले, काका, तुम्हीच सांगा लोकांना, तुमचं ऐकतील. मी उभा राहिलो. ठरवून गेलो व्हतो, एकबी इनोद करायचा न्हाई. "मी म्हशीला दोन घमेले भात घातला," म्हणलो, अन् लोक हसले. मी गप राहिलो तर जास्तच हसले. मग मी फोनचं सांगितलं, रिकाम्या खुंट्याला कसा फोन लावला ते. पुढचा एकजण तर हसून हसून शेजाऱ्याच्या अंगावर पडला. माझी बायको बायकांत मागं बसली व्हती. ती उठून बाहीर गेली.

मी तिला रस्त्यात गाठलं. ती पुढं, मी मागं.

"मी हसवायला न्हवतो उभा राहिलो," मी म्हणलो.

तिनं वळून पाहिलं न्हाई.

"मग रडायचं व्हतं," म्हणली. "जनावर मारता आलं, अन् रडता येत न्हाई तुमाला."