कावळ्याचं पान आणि मागचं जंगल

मुलाची बदली उरायासु शहरातून दूर उत्तरेच्या होक्काइदो बेटावर झाली, तशी मीही त्याच्या कुटुंबाबरोबर गेले. घराला लागूनच जंगल, आणि त्यात म्हणे तपकिरी अस्वलं. नात दप्तराला घंटा बांधून शाळेत जायची, अस्वलाला आधीच चाहूल लागावी म्हणून. मला आपली ती गंमत वाटायची.

पितृपक्षात आमच्या ह्यांच्या तिथीला मी भात, वडे, खीर केली आणि कावळ्यासाठी पान मागच्या अंगणात ठेवलं. कावळा काही येईना. तेवढ्यात शेजारच्या आजीबाई कुंपणाशी येऊन घाईघाईने जपानीत काही सांगू लागल्या. नातीने ते मला मराठीत सांगितलं.

"आजी, पान लगेच उचल म्हणतायत. एकदा चव लागली की अस्वल परत परत येतं."

"अगं, आजोबांचं पान आहे. कावळा शिवल्याशिवाय कसं उचलू?"

"मग त्या अस्वलाला मारतात, आजी. आणि मी इथूनच शाळेत जाते ना."

मी पान उचललं. कचऱ्याची गाडी दोन दिवसांनी येणार होती, तोवर वास सुटू नये म्हणून पिशवीत बांधून ते फ्रीजरमध्ये ठेवलं. फ्रीजर उघडला की समोर तेच. ह्यांना गार जेवण कधी चालायचं नाही, एवढंच डोक्यात यायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीच ती पिशवी कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या लोखंडी पेटीत टाकली. कडी नीट लागली ना, म्हणून दोनदा ओढून पाहिली.